आधी इमारती, मग पाणी?

गेल्या रमजानातली गोष्ट आहे. सहरीला अजून तासभर होता. आमच्या मोहल्ल्यातल्या सार्वजनिक नळाला हल्ली रात्रीच पाणी येतं, आणि तेही एक दिवसाआड. म्हणून हंडे-कळशांची रांग झोपण्याआधीच लागलेली असते. त्या रात्री रांगेत एक नवीन बाई उभी होती. हातात पाण्याचे दोन मोठे प्लास्टिकचे डबे. गावाबाहेर झालेल्या नव्या इमारतींमध्ये राहणारी. त्यांच्या इमारतीची टाकी संध्याकाळीच रिकामी झाली होती आणि टँकर आला नव्हता.

तिचा नंबर आला तशी आमच्या एका खालांनी तिचा डबा पायानेच बाजूला सरकवला. म्हणाल्या, "हा नळ गावाचा आहे. तुमच्या बिल्डरकडे जाऊन पाणी मागा."

ती बाई रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "खाला, मैंने भी पैसे देकर घर लिया है. मुझे क्या पता था, पानी नहीं आएगा."

मी त्या रांगेत चौथी होते. मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवते. त्या बाईची मुलगी माझ्याच वर्गात आहे. तरी मी गप्प उभी राहिले. माझी कळशी भरली आणि घरी आले. त्या दिवशी रोजा होता, पण मन काही साफ नव्हतं. हा लेख त्या गप्प बसण्यातून लिहिला आहे.

आमचं गाव

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एकट्या आमच्या गावाचं गाऱ्हाणं नाही. नेरळ ते कर्जत या पट्ट्यात उल्हास नदीच्या दोन्ही अंगांना अशी कितीतरी गावं आहेत. पूर्वी भातशेती, थोडी आंब्याची झाडं, घरटी एखादा माणूस आखातात किंवा मुंबईत नोकरीला. आता स्टेशनवरून रिक्षाने येताना दोन्ही बाजूंना फलक दिसतात: 'स्टेशनपासून दहा मिनिटांवर स्वतःचं घर'.

हे घर घ्यायला येतात ते कोण? कुर्ला, गोवंडी, धारावी, मुंब्रा इथल्या एका खोलीत सात-आठ माणसांनी दिवस काढलेली कुटुंबं. मुंबईत भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर ज्यांना नकार मिळाला, तीही यात आहेत. कुणी फंड काढला, कुणी बायकोचे दागिने मोडले, कुणी बँकेचं कर्ज घेतलं. सकाळी पाचच्या लोकलने मुंबई गाठायची आणि रात्री दहाला परतायचं. एवढा त्रास माणूस उगाच सोसत नाही. आपल्या छपराखाली झोपायचं, एवढीच त्यांची इच्छा.

आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, त्यातला अकरा गुंठ्यांचा तुकडा आमच्याच घरचा होता. सासऱ्यांच्या आजारपणात तो विकला. पैसा आला, दवाखान्याची बिलं भागली, थोरल्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण झालं. गावातल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे. जमीन आपण विकली, पैसे आपण घेतले, आणि त्या जमिनीवर राहायला आलेल्या माणसाला मात्र आपण 'बाहेरचा' म्हणतो. हे मला त्या रात्रीनंतर जास्त टोचू लागलं.

फळ्यावरचा हिशोब

ईदनंतर शाळा सुरू झाल्यावर सातवीच्या वर्गात मी एक गणित घातलं.

समजा, एका गावात ४,००० माणसं राहतात. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दर माणशी दर दिवशी ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. तर गावाला रोज किती पाणी लागेल? मुलांनी लगेच उत्तर काढलं, २,२०,००० लिटर.

आता त्या गावाशेजारी ६०० सदनिका झाल्या. एका घरात चार माणसं धरली तर २,४०० माणसं. घरोघर नळ आणि सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरी वस्तीसाठी माणशी १३५ लिटर धरण्याची पद्धत आहे. म्हणजे रोजचे ३,२४,००० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं म्हटलं तर रोज बत्तीस टँकर, आणि वर थोडं पाणी कमीच पडेल.

मुलांच्या एक गोष्ट लक्षात आली, जी मोठ्यांच्या येत नाही. नव्या वस्तीत माणसं गावापेक्षा कमी, पण पाणी जास्त लागणार. एका मुलाने विचारलं, "टीचर, गाववाल्याला ५५ आणि बिल्डिंगवाल्याला १३५ का? तहान तर दोघांना सारखीच लागते ना?" मी त्याला सांगितलं, की इमारतीत संडास फ्लशचा असतो, कपड्यांचं यंत्र असतं, म्हणून जास्त धरतात. पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

गंमत अशी की कागदावर १३५ लिटर असलं तरी त्या बाईच्या घरात ३० लिटरही येत नव्हतं. आणि आमच्या नळालाही ५५ येत नव्हतं. गावाची पाणीयोजना गावाच्या जुन्या लोकसंख्येवर बेतलेली. तिच्यावर नव्या जोडण्या पडल्या. इमारतींनी स्वतःच्या बोअरवेल मारल्या, तशा मार्चपासूनच गावातल्या विहिरींचे तळ दिसू लागले. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर किंवा बोअरवेल घेता येत नाही, असा राज्याचा भूजल कायदा सांगतो. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. बोअरवेलचं मशीन तीन रात्री घरघरत होतं आणि आम्ही झोप मोडली म्हणून तक्रार करत होतो.

पाणी येतं कुठून, जातं कुठे

पाणी वापरलं म्हणजे संपलं, असं नसतं. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. वरच्या गणितात ते रोजचं २,५९,२०० लिटर होतं. गावात शोषखड्डे आहेत, परसबाग आहे, घरामागची केळ आहे. तिथे आमचं पाणी मुरतं. सहा मजली इमारतीचं पाणी असं मुरत नाही. इमारतीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधलेलं असतं, पण ते चालवायला वीज लागते, माणूस लागतो, पैसा लागतो. बिल्डर निघून गेला आणि सोसायटी अजून नीट उभी राहिली नाही, की पहिलं बंद पडतं ते हेच यंत्र. मग पाणी सरळ ओढ्यात. आमच्या ओढ्यात मुलं पूर्वी खेकडे पकडायची. आता तिथून जाताना ओढणी नाकाला लावावी लागते.

हा ओढा उल्हास नदीला मिळतो. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगवते. इतर कोकणी नद्या उन्हाळ्यात आटतात, पण हिला पाणी असतं, कारण घाटावरच्या आंध्रा धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरातून हिच्या खोऱ्यात उतरतं. हे वीजघर १९२२ पासूनचं आहे. पुढे याच नदीचं पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीतली लाखो माणसं पितात. म्हणजे आमच्या ओढ्यात सोडलेली घाण शेवटी कुणाच्या तरी माठाच्या वाटेला जाते.

पावसाळ्याचंही तसंच. भाताची खाचरं पाणी धरून ठेवतात. त्यांच्यावर भराव टाकला, की तेच पाणी शेजारच्या खोलगट वस्तीत शिरतं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं, ते सगळ्यांना आठवत असेल. नदी त्या वर्षी नवीन वाटेने आली नव्हती. ती आपल्या जुन्याच जागेत पसरली होती. त्या जागेत आपण काय काय बांधून ठेवलं, हा प्रश्न आपला आहे.

शाळा, दवाखाना, कब्रस्तान

पाण्याची टंचाई डोळ्यांना दिसते. बाकीच्या टंचाया हळूहळू कळतात.

शाळेचं सांगते. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, असं शिक्षण हक्क कायद्यात लिहिलं आहे. पण शिक्षकांची पदं ठरतात ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर. मुंबईहून येणारं कुटुंब आपल्या भाड्याच्या खोलीची मुदत संपली की येतं. कुणी डिसेंबरात, कुणी ईदनंतर. मूल शाळेत आलं तर त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये. पण बाक तेवढेच, खोली तेवढीच, बाई तेवढीच. माझ्या वर्गात आता तीन मुलांच्या बाकावर चार मुलं बसतात. मागच्या मुलाची वही तपासायला मला बाकावरून हात लांब करावा लागतो.

दवाखान्याचंही असंच गणित आहे. साध्या भागात ३०,००० आणि डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असं शासनाचं मोजमाप. पण माणसं मोजायची कुठल्या वर्षाची? शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर आलेली सगळी कुटुंबं इथे राहतात, खातात, आजारी पडतात, पण त्या आकड्यात ती नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतींचा निधीसुद्धा २०११ च्याच लोकसंख्येवर वाटला गेला. म्हणजे कचरा आजच्या माणसांचा आणि तो उचलायचा पैसा २०११ च्या माणसांचा.

आणि कब्रस्तान. गेल्या पावसाळ्यात नव्या इमारतीतल्या एका वृद्ध आजीचा इंतकाल झाला. त्यांचं कुटुंब आमच्या जमातीत नोंदलेलं नव्हतं. मस्जिदीत थोडी कुजबुज झाली. कब्रस्तान अर्धा एकर, जागा भरत आलेली. उद्या चारशे घरं आली तर काय करायचं? प्रश्न खोटा नव्हता. पण मय्यत घरात असताना तो विचारायचा नव्हता. आमच्या एका वयस्कर चाचांनी टोपी घातली आणि उठून एवढंच म्हणाले, "आधी दफन, मग हिशोब." जनाजा लिफ्टमध्ये मावेना. गावातल्या आणि इमारतीतल्या पोरांनी मिळून तो पाचव्या मजल्यावरून जिन्याने खाली आणला. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्हीकडच्या पोरांना एकमेकांची नावं कळली.

परवानगी एकाची, भार दुसऱ्यावर

हे होतं कसं? गावकऱ्यांना वाटतं, सरपंचाने सही केली म्हणून इमारत झाली. इमारतवाल्यांना वाटतं, ग्रामपंचायत घरपट्टी घेते आणि पाणी देत नाही. दोघांचाही राग ग्रामपंचायतीवर.

खरी रचना वेगळी आहे. गावठाणाबाहेरच्या मोठ्या बांधकामाची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाच्या वाटेने मिळते. पण पाणी, गटार, दिवाबत्ती, कचरा हे सगळं पडतं ग्रामपंचायतीच्या गळ्यात. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय दिले आहेत. त्यात पिण्याचं पाणी आहे, रस्ते आहेत, प्राथमिक शाळा आहे, आरोग्य आहे. जबाबदारीची यादी लांब, तिजोरी मात्र छोटी.

न्यायाने बोलायचं तर नव्या वस्तीने गावाला काही दिलंही आहे. घरपट्टीची वसुली वाढली. दहा-बारा रिक्षा चालू लागल्या. आमच्या बायकांचे मसाले, पापड, तांदळाच्या भाकऱ्या इमारतीत विकल्या जातात. नवीन माणसं नकोत, असं म्हणणं मला पटत नाही. आमचे आजे-पणजेही कुठून तरी येऊनच इथे वसले. खटकतो तो क्रम. पाण्याची सोय, गटार आणि शाळेची खोली आधी व्हावी आणि माणसं मग यावीत. सध्या उलटं चाललं आहे. माणसं येतात, कर्जाचे हप्ते सुरू होतात, आणि पाणी 'पुढच्या टप्प्यात' येणार असतं.

महिला सभा

मी त्या बाईच्या घरी गेले. माफी मागितली. तिने चहा केला, तोही टँकरच्या पाण्याचा. बोलता बोलता तिने घराचे कागद दाखवले. त्यात २४ तास पाणी लिहिलेलं होतं. मी तिला विचारलं, ग्रामसभेला येशील का? ती म्हणाली, "मेरा वोट तो कुर्ला में है."

इथे खरी मेख आहे. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदार यादीतली माणसं. नव्या वस्तीतल्या बहुतेकांची नावं अजून मुंबईतच. म्हणजे गावात राहणारी शेकडो माणसं गावाच्या सभेत हात वर करू शकत नाहीत. पत्ता बदलला की नमुना ८ भरून नाव नव्या ठिकाणी आणता येतं. आम्ही शाळेतल्या दोन शिक्षिका आणि इमारतीतल्या तीन बायका, अशा पाच जणींनी मिळून रविवारी हे अर्ज भरून द्यायला सुरुवात केली.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्याकडे ती रजिस्टरवरच व्हायची. या वेळी आम्ही खरोखर बसलो. ज्या खालांनी डबा सरकवला होता, त्याही आल्या. मोठ्या सभेत बोलायला लाजणाऱ्या बायका तिथे मोकळ्या झाल्या. कुठल्या गल्लीत किती वेळ पाणी येतं, कुठे गटार तुंबतं, कुठल्या मुलाला कावीळ झाली, सगळं वहीत लिहून काढलं. ग्रामसभेत आम्ही भाषण केलं नाही. वही वाचून दाखवली.

ठराव झाले. नव्या इमारतीला नळजोडणी देण्याआधी योजनेत पाणी किती शिल्लक आहे ते लेखी सांगायचं. इमारतींच्या बोअरवेलची आणि सांडपाणी यंत्राची तपासणी करायला संबंधित खात्यांना पत्र द्यायचं. शाळेच्या जादा खोलीचा प्रस्ताव पाठवायचा. पत्रं गेली आहेत. सांडपाण्याचं यंत्र आता दिवसातून काही तास चालतं. खोलीचं अजून काही नाही.

एक काम मात्र कुणाच्या परवानगीची वाट न पाहता झालं. मस्जिदीजवळ जुनी वक्फची विहीर आहे. नळ आल्यापासून तिच्यात गवत आणि बाटल्या साचल्या होत्या. हजरत उस्मान यांनी मदिन्यात विकत घेऊन सगळ्यांसाठी खुली केलेली विहीर आपण मुलांना शिकवतो, आणि आपल्या दारातली बुजू देतो. गावातल्या आणि इमारतीतल्या पोरांनी चार रविवार गाळ उपसला. ते पाणी पिण्यासाठी वापरत नाही, पण वुजू, धुणी आणि शाळेच्या संडासासाठी चालतं. तेवढा भार नळावरून उतरला.

वाचकांसाठी चार गोष्टी

घर घेणाऱ्यांनी: जाहिरात नको, कागद बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवरचा आणि ८ पेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प महारेरात नोंदलेला असावा लागतो. त्याची माहिती घरबसल्या बघता येते. भोगवटा प्रमाणपत्र आहे का विचारा. आणि एप्रिल-मे महिन्यात जाऊन तिथल्या रहिवाशांना विचारा की पाणी किती वेळ येतं. पावसाळ्यात घर बघितलं तर सगळीकडे पाणीच दिसतं.

जमीन विकणाऱ्यांनी: भाव ठरवताना एकदा हेही विचारा, की इथे पाणी कुठून आणणार आणि घाण कुठे सोडणार. आपण जमीन विकतो, पण त्याच गावात राहतो.

गावकऱ्यांनी: ग्रामसभेला जा. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली कमी असेल ती संख्या लागते. एवढी माणसं जुम्याच्या नमाजला सहज जमतात. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि मग चार माणसं ठराव करून मोकळी होतात. कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

जमातीच्या जबाबदार मंडळींनी: नव्या कुटुंबांची नोंद आजच करा आणि कब्रस्तानच्या जागेचा अर्जही आजच द्या. मय्यत झाल्यावर तो विषय काढायची वेळ येऊ देऊ नका.

आता नळाला पाणी येण्याची वेळ अजून रात्रीचीच आहे. रांगही आहे. फरक एवढाच, की रांगेत दोन्हीकडच्या बायका असतात आणि नंबर एका वहीत लिहिलेले असतात. वही त्या खालांकडे असते. परवा त्यांनी त्या बाईला हाक मारली, "अगं, तुझा नंबर गेला, झोपलीस काय?" हमसायाचा हक्क म्हणजे काय, हे मला वर्गात शिकवता येतं. तो रात्री नळावर पाळावा लागतो. येत्या उन्हाळ्यात पाणी वाढेल की नाही, ते अजून सांगता येत नाही. पुढच्या ग्रामसभेत खोलीचा आणि पाण्याचा विषय पुन्हा निघेल. या वेळी आमच्या वहीत इमारतीतल्या चाळीस जणींची नावं असतील, इन्शाअल्लाह.